आग्रहाची पंगत

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे गाणं शिकायला आली आणि तंबोरा हाती न घेताच रडू लागली. देह फार स्थूल झाला होता, गुडघे बोलत होते. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली होती.

"शस्त्रक्रियेचं भय नाही, गुरुजी. भय आईचं आहे. म्हणते, 'चार घासांवर पोर जगेल कशी? मी रांधू तरी कुणासाठी?' तिने आग्रह केला की मला नाही म्हणवत नाही. आणि यापुढे तर म्हणावंच लागणार!"

गुरुजी हसले. "रविवारी आईला आणि आत्याला जेवायला घेऊन ये."

रविवारी पानं मांडली. गुरुजींनी दोघी पाहुण्यांना भरभरून वाढलं. स्वतःला आणि शिष्येला मात्र चटणीच्या वाटीत चार चमचे मऊ वरणभात. आई भाताचं पातेलं घेऊन सरसावलीच. "हे काय, गुरुजी! माझ्या गळ्याची शपथ, एक मूद तरी..."

गुरुजींनी वाटीवर हात आडवा धरला. "आग्रह अवश्य करा, माई. फक्त अन्नाचा नको. दुसरं काय वाढाल?"

आई गोंधळली. आत्या कसली गोंधळते! "मग माझ्या सासूबाईंची गोष्ट घ्याच! श्रीखंड समजून त्यांनी व्याह्यांना तोंडाला लावायला कालवलेलं बेसन वाढलं, आणि व्याही भिडेखातर दोनदा मागून जेवले!"

"ते काहीच नाही, वन्सं," म्हणत आईनेही पदर खोचला. गोष्टीवर गोष्ट वाढली गेली. हसून हसून शिष्येचे डोळे पाणावले. तिची वाटी तासाभराने रिकामी झाली, तेव्हा कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

मग गुरुजी म्हणाले, "माई, आज हिला काय कमी पडलं? इतकी वर्षं तुम्ही मायाच वाढत आलात. अन्न हे त्या मायेचं केवळ एक पात्र. तेवढं आता लहान होईल. शस्त्रक्रिया हिची आहे, पण तिची तयारी घरातल्या प्रत्येक वाढणाऱ्या हाताने करायची असते."

आईने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग लेकीला म्हणाली, "गुरुवारी मी येणार बरोबर. नंतर काय द्यायचं, किती द्यायचं, ते डॉक्टरांना मीच विचारते. आता चल, हळूहळू चालत जाऊ. तुझ्या बाबांनाही न सांगितलेली एक गोष्ट आहे माझ्याकडे. नाही म्हणायचं नाही हं!"

"एकच का?" शिष्या म्हणाली. "दोन तरी सांग."