न वाजवलेला शंख

त्या दिवशी उजाडलं तेच धुक्यात. पांढरं, मऊ, ओलं धुकं. पिंजलेल्या कापसासारखं ते डोंगरावरून घरंगळत आलं आणि झगमगपूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून भरून राहिलं. कौलांच्या कडांना टपोरे थेंब लोंबत होते. गवताच्या पात्यांवर इवलाले मोती बसले होते. थंडी तर अशी, की चिमण्यासुद्धा पिसं फुगवून गप्प होत्या.

अशा धुक्यात केसू नावाचा एक लहानगा मुलगा दाराच्या पायरीवर बसून डोंगराकडे बघत होता. डोंगर दिसत नव्हता, तरी बघत होता. त्याचे बाबा डोंगरापलीकडे गेले होते आणि अजून आले नव्हते.

बाबा हमाल होते. झगमगपूरचे वीर डोंगरापलीकडच्या गुहांमध्ये जायचे, राक्षसांशी लढायचे आणि जादूच्या वस्तू घेऊन यायचे. वीर घोड्यांवरून पुढे, हमाल ओझं घेऊन मागून पायी. वाटेत धुकं फार, म्हणून हमालांची एक रीत होती. सगळ्यांनी एकाच लांब दोराला कंबर बांधून घ्यायची. चुकलेला कुणी भेटला तर त्यालाही दोरात घ्यायचं. डोंगरात जो सगळ्यांत जुना, त्याला पुढे ठेवायचं, आणि तो नेईल तिकडे बाकीच्यांनी जायचं.

मागच्या हिवाळ्यात वीर परत आले, हमाल आले नाहीत.

तेव्हापासून आई लोकांच्या घरी पाणी भरायची. केसूजवळ बाबांच्या मुंडाशाचा लाल तुकडा होता. त्याला बाबांचा वास होता. झोपताना तो तुकडा गालाखाली घेतला, की बाबा शेजारीच आहेत असं वाटायचं.

आता तुम्ही म्हणाल, गावात एवढी जादू, मग हे गाव सुखात असेल. तेच तर सांगतो. झगमगपुरात जादू पुष्कळ होती, पण ती कुणी वापरत नसे! कारण तिथला बाजारच तसा. कोरी जादू महाग, वापरलेली स्वस्त. त्यामुळे ज्याच्याकडे कधी न विझणारा दिवा, तो दिवा फडक्यात गुंडाळून अंधारात चाचपडत जेवायचा. ज्याच्याकडे उडता गालिचा, तो गालिच्यात कापूर घालून ठेवायचा आणि चिखल तुडवत पायी जायचा. केसूच्या शेजारच्या साळूकाकूंकडे सोनेरी टाक्यांची ऊबदार गोधडी होती. पांघरली की हिवाळा पळालाच! पण काकू ती पेटीत ठेवत आणि स्वतः गोणपाट पांघरून कुडकुडत.

"काकू, एक रात्र तरी घ्या की ती," केसूची आई म्हणायची.

"नको गं बाई. अंगाला लागली की भाव उतरला," काकू खोकत म्हणायच्या. "कोरी राहिली तर शेठ हिच्या बदल्यात शंख देईल मला."

हा शंख म्हणजे रत्नाशेठच्या दुकानातला हाकेचा शंख. काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर, चांदण्यासारखा लुकलुकायचा. त्यात फुंकर मारून ज्याचं नाव घ्यावं, तो कुठेही असो, हाक त्याच्या कानात पोचायची आणि त्याला घरची वाट दिसायची. काकूंचा मुलगा हणमाही हमालच. तो तर केसूच्या जन्माआधी डोंगरात हरवला होता.

केसू रोज जाऊन त्या काचेला नाक लावायचा. त्या सकाळीही गेला.

"शेठजी, एकदाच वाजवू द्या ना."

"वाजवू? अरे, वेडा का खुळा तू?" रत्नाशेठ पोट धरून हसला. "वाजवलेला शंख घेईल कोण? सरक, काचेवर वाफ धरतेय तुझी."

केसू मागच्या शेवंतीच्या बागेत जाऊन बसला. पिवळी, पांढरी, जांभळी शेवंती दवानं वाकली होती. एका पिवळ्या फुलात काहीतरी थरथरत होतं. केसूनं वाकून पाहिलं, तर काय! बोटाएवढी एक परी. चतुराच्या पंखांसारखे तिचे पंख ओले होऊन अंगाला चिकटले होते, ओठ निळे पडले होते.

"मला उडता येत नाही रे," परी बारीक आवाजात म्हणाली. "फार गारठलेय."

केसूनं तिला ओंजळीत घेतलं, फुंकर घालून ऊब दिली. पण पंख ओलेच. कोरडं म्हणावं असं त्याच्याजवळ एकच होतं. त्यानं खिशातून लाल तुकडा काढला. तो ओला झाला तर बाबांचा वास जाईल, हे त्याला माहीत होतं. क्षणभर त्यानं तो नाकाशी धरला. मग हळूच, अगदी हळूच, परीचे पंख पुसले आणि तिला त्यातच गुंडाळलं.

थोड्या वेळानं तुकड्यातून गुलाबी उजेड झिरपू लागला. परी पंख झटकून उभी राहिली, आणि तिच्याभोवती सोनेरी कणांचा भुरभुर पाऊस पडला.

"माग काय हवं ते, चिमण्या."

"माझे बाबा," केसू पटकन म्हणाला.

परीचे डोळे भरून आले. "माणूस उचलून आणायची ताकद आम्हा पऱ्यांत नाही रे. हाक पोचवता येते. पाऊल त्याचं त्यानं उचलायचं."

"मग हाकेचा शंख दे."

परीनं दवाचा एक थेंब तळहातावर घेतला, गोल गोल फिरवला, आणि झाला त्याचा शंख! शेठच्या शंखासारखा लुकलुकणारा नव्हे. साधा, खरखरीत, मातकट.

"नीट ऐक हं," ती म्हणाली. "हा विकलास तर दगड होईल. दिवस मावळेपर्यंत वाजवला नाहीस, तरी दगड होईल. आणि यात फुंकर एकाच नावापुरती आहे."

केसू शंख छातीशी धरून पळत सुटला. बाजाराच्या वळणावर रत्नाशेठ आडवा आला. त्याचे डोळे चांगलेच विस्फारले.

"दुसरा शंख? अरे देवा! दोन झाले तर माझ्या शंखाला विचारतो कोण? दे इकडे पोरा. घर देतो, दुभती गाय देतो. तुझ्या आईला पाणी भरायला नको. मी दोन्ही कुलपात ठेवतो."

आईचे सोललेले तळवे केसूला आठवले. त्याचे पाय थबकले. पण मग तो म्हणाला, "नाही शेठजी. हा वाजवायचा आहे."

दुपार उलटली होती. डोंगरासमोरच्या टेकडीवर जाऊन शंख वाजवायचा, म्हणून तो निघाला, तर पायऱ्यांशी त्याला साळूकाकू दिसल्या. गोधडीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं काकू?"

"शेठकडे गेले होते रे. म्हणतो, शंखाचा भाव वाढला, गोधडी पुरत नाही. मागच्या खेपेलाही तेच म्हणाला होता." काकू धुक्याकडे बघत होत्या. "आता मला त्याचा आवाजसुद्धा आठवेनासा झालाय, केसू. चेहरा आठवतो. आवाज नाही."

केसू टेकडीवर चढला. शंख ओठांना लावला. 'बाबा' हे नाव जिभेवर तयार होतं. पण काकूंचं बोलणं कानातून जाईना. त्याला बाबांचा आवाज आठवत होता. भाकरी मोडताना ते गुणगुणायचे, तेसुद्धा आठवत होतं.

धुक्याआड सूर्य संत्र्यासारखा तांबडा झाला, खाली खाली चालला.

केसूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला, फुंकर मारली आणि ओरडला, "हणमादादा! घरी ये! काकू वाट बघतायत!"

शंखातून निळा, रुपेरी आवाज निघाला आणि धुक्यात दूर दूर विरत गेला. शंख हातात नुसता शिंपला होऊन राहिला. केसू गुडघ्यांत डोकं घालून बसला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून दोर घासल्याचा आवाज आला. धुकं पडद्यासारखं बाजूला झालं. पुढे एक दाढीवाला माणूस, कमरेला दोर. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. आणि त्याच्यामागे, ओझ्यानं वाकलेले, बाबा!

केसूनं जी धाव घेतली!

"अरे, हळू! पाडशील मला," बाबा हसत, रडत म्हणाले. "आम्ही धुक्यात या हणमाला भेटलो. तो सगळ्यांत जुना, म्हणून पुढे ठेवला. पण वाट त्यालाही दिसत नव्हती. आज अचानक म्हणाला, मला कुणीतरी हाक मारली. आणि सरळ चालू लागला."

"आणि बाबा, हाक तुम्हाला मारली असती तर?"

"मी तर मधे बांधलेला, बाळा. मला ऐकू आलं असतं, पण पुढचे वाट चुकतच चालले असते आणि दोर मला त्यांच्यामागे ओढत राहिला असता."

तेवढ्यात लाल तुकडा तरंगत आला आणि केसूच्या खांद्यावर बसला. परी वर हसत होती. "वाळवून आणलाय," ती म्हणाली. मग तिचे पंख सोन्याचे झाले, सगळं धुकं गुलाबी झालं, आणि उजेडातच ती मिसळून गेली.

गावात त्या संध्याकाळी कुणीतरी पहिल्यांदा न विझणारा दिवा बाहेर काढला, हमालांना वाट दिसावी म्हणून. मग दुसऱ्यानं काढला. रत्नाशेठ मात्र दार लावून बसला होता.

साळूकाकूंच्या ओसरीवर हणमा थंडीनं काकडत बसला होता. काकूंनी गाठोड्याची गाठ सोडली, सोनेरी टाक्यांची कोरी गोधडी झटकून त्याच्या अंगावर घातली आणि स्वतःही आत शिरल्या. दारात उभ्या असलेल्या केसूला त्या म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? ये, तूही शिर आत. फाटू दे फाटली तर."