सगूची नडगी आणि सोनकीची कळी

आईशपथ सांगतो बाळांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, त्या दिवशी मी गावात नव्हतो. पण गोष्ट खरी!

डोंगराच्या कुशीत, एका इवल्याशा झोपडीत सगू राहायची. सोबत आई आणि तान्हा भाऊ. दुधावाचून तान्ह्याचे गाल सुकून गेले होते. म्हणून दसऱ्याची डोंगरफेरी सगूला जिंकायचीच होती. डोंगरामागच्या झऱ्यावर पळत जायचं, तिथून गडूभर पाणी घ्यायचं आणि वळसा घालून देवळाशी यायचं. देवीच्या पायरीवर जो आधी पाणी ओतेल, त्याला दुभती शेळी!

सगू रोज पहाटे पळायची. आज थोडं, उद्या जास्त, परवा त्याहून जास्त. आणि एके दिवशी नडगीत अशी कळ आली, की ती मटकन खालीच बसली. बरं नाही झालं तर? शेळी गेली तर? तिनं नडगी दाबून पाहिली. दुखतंय. पुन्हा दाबली. अजून दुखतंय!

"अगं, दाबून दाबून भोक पाडशील!" कुणीतरी खुदकन हसलं.

सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांत करंगळीएवढी परी उभी होती. दवाचे पंख लुकलुकत होते, तेरड्याच्या पाकळीचा गुलाबी परकर झुलत होता.

"परीताई, माझा पाय बरा कर ना. आत्ताच्या आत्ता!"

"आत्ताच्या आत्ता पाय फक्त मोडतात, राणी. बरं व्हायला वेळ लागतो." परीनं तिला एक हिरवी कळी दाखवली. "ही उमलेपर्यंत पळायचं नाही. झऱ्याच्या गार पाण्यात पाय सोडून बसायचं. आणि नडगी दाबून बघायची नाही. दाबलीस, की कळी मिटलीच!"

पळायचं नाही! पाटलांची मंजी रोज झोपडीसमोरून धपधप पळत जायची. "काय गं सगे, घाबरलीस वाटतं?" एकदा तिला राहवेना. अगदी हळूच, एका बोटानं तिनं नडगी दाबली. अर्धी उमललेली कळी गच्च मिटली. सगू हमसून हमसून रडली. मग मात्र ती रोज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागली. दसरा जवळ येत होता आणि कळी हूं का चूं करत नव्हती.

दसऱ्याच्या पहाटे धावत नाही, चालतच ती सोनकीच्या फुलांपाशी गेली. कळी उमलली होती! पिवळी, चमचमती, हसरी.

"पळ," परी म्हणाली, "पण सुरुवात हळू."

सगू पळू लागली. पावलागणिक तिचा जीव नडगीत. आता कळ येईल, आता येईल... आलीच नाही! झऱ्यावर गडू भरून तिनं एकेकाला मागे टाकलं. पुढे उरली फक्त मंजी. देवळाचा भगवा झेंडा दिसू लागला, आणि मंजी नडगी धरून खाली बसली.

"पाय ओढू नकोस, मंजे. गार पाणी ओत त्यावर," सगू थांबून म्हणाली.

"माझं पाणी? मुळीच नाही!" मंजीनं गडू पोटाशी धरला.

सगूनं झेंड्याकडे पाहिलं. तिला तान्ह्याचे सुकलेले गाल आठवले. तिला नडगीतली ती कळही आठवली. तिनं आपला गडू मंजीच्या पायावर रिता केला आणि तिला खांदा दिला. दोघी खुरडत खुरडत सगळ्यांच्या आधी पायरीशी पोचल्या.

"ओत, पोरी," गुरवकाका सगूला म्हणाले.

सगूनं रिकामा गडू कलता केला, आणि काय नवल! त्यातून खळखळ पाणी सांडलं. झेंड्याच्या टोकावर परीनं टाळी वाजवली, सोनेरी उजेड झाला आणि त्या उजेडातच ती विरून गेली. शेळी आपली बें बें करत सगूच्या मागोमाग घरी.

बरं, आता कबूल करतो. गडू आपोआप भरला ही माझी थाप. गुरवकाका कळसाला हात जोडत होते, तेवढ्यात मंजीनं आपलं पाणी गुपचूप सगूच्या गडूत ओतलं. ते पाहूनच तर परीनं टाळी वाजवली. ती मात्र खरी हं, आईशपथ!