सदोबाने गॅसवाला बदलला

ही गोष्ट मला कितपत नीट आठवते, याची शंकाच आहे. टाकीला साखर बांधली होती की गूळ, इथेच मी अडखळतो. पण एका गावात एक भोळा सदोबा होता, एवढं बहुतेक नक्की.

सदोबाच्या लेकीचं, सुमतीचं डोहाळजेवण शुक्रवारी होतं. तिला पुरणपोळीचे डोहाळे लागले होते आणि घरातला गॅस संपला होता. जुना गॅसवाला टाकी कधी वेळेवर देत नसे.

बायको गिरिजा म्हणाली, "अहो, त्याला सोडा. स्टँडजवळच्या नव्या एजन्सीकडून गॅस घ्या. जुन्याची टाकी परत केली की चिठ्ठी मिळते, ती दाखवायची. आणि आधी शेजारच्या मथूकाकूंची वाटी देऊन या."

सदोबा वाटी देऊन आला.

"रिकामीच दिलीत? अहो, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये!"

"बरं. लक्षात ठेवीन."

मग त्याने रिकामी टाकी खांद्यावर घेतली, तिच्या कडीला पुडी बांधली आणि जुन्या गॅसवाल्याकडे गेला.

"काका, पुडी कसली?"

"रिकामी कशी देणार?"

गॅसवाल्याने पुडी सोडून बाजूला ठेवली. "पुडी राहू दे. रेग्युलेटर कुठाय? टाकीला जोडलेलं ते सगळं आणायचं."

"बरं. लक्षात ठेवीन."

सदोबा घरी गेला आणि हातगाडीवर सगळं घेऊन आला. टाकी, रेग्युलेटर, नळी, शेगडी. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं, तेही. दूध सांडू नये म्हणून हळू आला.

"अहो काका, शेगडी तुमची! आपलं ते घरी ठेवायचं, आमचं तेवढं द्यायचं."

"बरं. लक्षात ठेवीन."

गॅसवाल्याने रेग्युलेटर घेतला, चिठ्ठी दिली. "आता गोदाम बंद झालं. टाकी घरीच ठेवा, न्यायला शुक्रवारी माणूस पाठवतो. तुम्ही कृपा करून येऊ नका."

गुरुवारी नव्या एजन्सीची टाकी आली, नव्या रेग्युलेटरसकट. दिसायला जुन्यासारखीच. शुक्रवारी शेगडीवर पुरणाची डाळ रटरटत होती. अंगणात बायका सुमतीला फुलांनी सजवत होत्या. तेवढ्यात जुन्या गॅसवाल्याचा माणूस आला.

गिरिजा अंगणातूनच ओरडली, "अहो, त्यांची टाकी देऊन टाका!"

सदोबा आत गेला. कोपऱ्यातली टाकी रिकामी होती. ती कशी द्यायची? त्याने शेगडीखालची भरलेली सोडवली. तिला रेग्युलेटर जोडलेला होता, तोही दिला. शेगडी ठेवली. ती आपली होती.

"काका, जड लागतेय हो."

"लागणारच. आमच्या घरातून रिकामं काही जात नाही."

माणूस गेला. गिरिजा आत आली आणि शेगडीकडे बघतच राहिली. "अहो, डाळ अजून कच्ची आहे! पोरीच्या पोळीचं काय?"

"अगं, घाबरू नकोस," सदोबा म्हणाला. "शेगडी नाही दिली मी."

डाळ शेवटी मथूकाकूंकडे शिजली. सुमतीला पोळी मिळाली ती दिवेलागणीला.

साखर की गूळ, हे मी बऱ्याच वर्षांनी टाकी नेणाऱ्या त्या माणसालाच विचारून घेतलं. तो म्हणाला, "दोन्ही. पहिल्या दिवशी साखर होती, आम्ही चहा केला. गूळ शनिवारी. भरलेली परत देऊन रिकामी न्यायला गेलो, तेव्हा."