हिंदुरावांचा भक्कम पासवर्ड

घोंगडी विणकरांच्या सोसायटीच्या वेबसाइटवर एका सकाळी घोंगड्यांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. कारकून शेवंताबाईंनी दोन दिवस खपून जुन्या प्रतीवरून साइट पुन्हा उभी केली आणि पासवर्ड बदलला. तरीही चेअरमन हिंदुरावांनी सभा बोलावली.

"जुना पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, मला आणि शेवंताबाईंना. तो मीच ठरवलेला, मग मी कशाला सांगेन? फोडला यांनीच. यांना आजच कामावरून काढा."

सभासदांनी माना खाली घातल्या. बावीस वर्षं इमानानं काम करूनही आपल्या बाजूनं कुणी बोलत नाही, हे शेवंताबाईंनी पाहिलं. त्या स्वतःच उठल्या.

"साहेब, तो पासवर्ड आता रद्द झालाय. सभेला सांगू?"

"सांगा की! चांगला भक्कम होता."

"तुमचं नाव आणि पुढं तुमची जन्मतारीख."

शेवंताबाईंनी खिडकी उघडली. समोर चौकात हिंदुरावांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स होता. त्यावर नाव होतं, सालासकट जन्मतारीख होती आणि गॉगल घातलेला फोटो होता.

"मी फोडला असता तर एखाद्याला कळला असता, साहेब. हा तर सगळ्या तालुक्यानं वाचलाय. खाली पंधरा शुभेच्छुकांची नावं आहेत. चौकशी त्यांच्यापासून सुरू करू?"

ते पंधराही जण सभेतच बसले होते. पहिले तेच हसले.

हिंदुरावांनी ठराव मुकाट्यानं मागं घेतला. मग हळूच म्हणाले, "नवा पासवर्ड तेवढा सांगा."

"सांगते. आधी फ्लेक्सवाल्याचा नंबर तुमच्या फोनमधून काढून टाका."