ताठ दोर, ढिला दोर

एकदा एका धरणाच्या जलाशयावर साठीच्या आसपासची काही मंडळी रोज सकाळी पाण्यावर धावायला जमत असत. धावायला म्हणजे बोटीमागून सुसाट घसरायला. पुढे मोटरबोट, बोटीला बांधलेला लांब दोर, दोराच्या टोकाला दांडी, आणि ती दांडी धरून एकाच अरुंद फळीवर, एका पायामागे दुसरा पाय रोवून उभा असलेला माणूस. पाण्यात दोन्ही बाजूंना नारिंगी गोळे तरंगत असायचे. बोट मधून सरळ जाणार आणि माणसाने एकदा डावीकडच्या, एकदा उजवीकडच्या गोळ्याला बाहेरून वळसा घालत सहाही गोळे पार करायचे, असा तो खेळ. ज्या वयात शहाणी माणसे गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात हे उद्योग! पण त्याशिवाय या मंडळींना दिवस उगवल्यासारखाच वाटत नसे.

त्यांच्यात एक रिवाज होता. सहा गोळे पार झाले की काठावरचे सगळे टाळ्या वाजवत ओरडायचे, “आखूड!” मग बोट चालवणारा इकबाल दोर थोडा आखूड करायचा. आखूड दोराने गोळ्यापर्यंत पोहोचणे अधिक कठीण, म्हणून ज्याचा दोर आखूड, त्याचा मान मोठा.

या मंडळींत सदानंद कासार नावाचे एक व्यापारी होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे मोठे दुकान मुलीवर सोपवून ते पाण्याच्या नादी लागले होते. ‘एकदा धरले ते सोडायचे नाही’ या एका वाक्यावर त्यांनी सारा व्यापार उभा केला होता, आणि तेच वाक्य ते पाण्यावरही घेऊन आले. गेल्या वर्षी त्याच वाक्याने त्यांचा घात केला. तोल गेला, तरी दांडी सोडली नाही, आणि उजवा खांदा आतून फाटला. कित्येक महिने त्यांच्या सदऱ्याची बटणे पत्नी कुमुदताई लावत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते, “आता पाण्यात उतरायला हरकत नाही. पण हा खांदा पुन्हा गेला, तर पाणी तर बंदच, शिवाय हा हात परत डोक्यापर्यंत जाणार नाही.”

तेव्हापासून कुमुदताईही रोज काठावर येऊन बसत. त्यांना ते पाहवत नसे आणि घरी राहवतही नसे.

सगळ्यांना शिकवणारे आबा मात्र सत्तरी कधीच ओलांडून गेलेले. अंगाने काटक, बोलायला मोजके. एके काळी सर्वांत आखूड दोर त्यांचाच असे. आता वयानुसार दोर लांबला होता आणि बऱ्याच वर्षांत त्यांचे सहा गोळे एका दमात झाले नव्हते.

त्या सकाळी मात्र आबांना सूर सापडला. एकेक वळण असे काही देखणे, की काठावर गप्पा मारणारे उठून उभे राहिले. पाच गोळे झाले. सदानंदशेठ तर टाळ्या वाजवायला हात वर करूनच उभे होते. आता शेवटचा गोळा एवढा समोर, आबा ताठ उभे, आणि आबांनी दांडी सोडून दिली!

ते थोडे पुढे घसरले आणि पाटावर बसावे तसे अलगद पाण्यात बसले. काठावर कोणाला काही समजेना. सदानंदशेठना तर संताप आला. आपल्या गुरूचा मान असा हातचा गेला, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. आबा धक्क्यावर चढून टॉवेलच्या टोकाने कान पुसू लागले, तोच शेठ त्यांच्यासमोर उभे ठाकले.

“आबा, हे काय केलंत? तुम्ही पडला नव्हतात. तोल गेला नव्हता. हातात आलेलं सोडून दिलंत!”

“दोर ढिला पडला होता रे,” आबा म्हणाले.

“आम्हाला तर काही दिसलं नाही.”

“काठावरून नाहीच दिसत. हाताला कळतं. पाचव्या गोळ्याला मी जरा जास्तच वेगात वळलो, बोटीच्या दिशेने पुढे आलो, दोराला झोळ आला. आता बोट काही आपल्यासाठी थांबत नाही. तो झोळ संपतो तेव्हा असा हिसका बसतो, की खांदा तरी जातो, नाहीतर पाठ.”

“पण तुम्ही पेललाही असता तो हिसका!”

“पेलला असता कदाचित. पूर्वी पुष्कळ पेललेत.” आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “सदानंदा, पडल्यावर दांडी सगळेच सोडतात. नाकातोंडात पाणी गेलं की शिकवावं लागत नाही. उभं असताना सोडणं कठीण. कारण उभा आहे तोवर माणसाला वाटतं, जमेल. लोक बघत असले की जास्तच वाटतं.”

शेठनी ऐकून घेतले. पण व्यापारी माणूस, तेवढ्यावर सौदा पटला नाही. “मग काय, जरा जड गेलं की सोडून द्यायचं? अशानं पुढे कोण जाईल?”

आबा पहिल्यांदाच कडक आवाजात बोलले. “तसं मी म्हटलं का? दोर ताठ आहे तोवर हात भरून आले तरी सोडायचं नाही. दमलो म्हणून सोडलंस, तर मी इकबालला सांगेन, याला बोटीमागे पुन्हा घेऊ नकोस. ताठ दोर आपल्याला नेत असतो. ढिला दोर काही नेत नाही, तरी हातात दांडी असते म्हणून आपण धरून राहतो. एवढं ओळखायला शीक. जा, तुझी पाळी आली.”

सदानंदशेठ पाण्यात उतरले. मनात चलबिचल होतीच. चौथ्या गोळ्याला दंड पेटले, जुन्या दुखण्याची धास्ती वाटली, आणि क्षणभर वाटले, सोडावी दांडी, आबांनीच तर सांगितलेय. पण दोर तारेसारखा ताठ होता. त्यांनी दातओठ खाल्ले आणि धरून ठेवले. पाचवा झाला, सहावा झाला! खांदा फाटल्यानंतर प्रथमच सहा गोळे पुरे झाले होते. काठावर एकच गलका उठला, “आखूड! आखूड!”

इकबालने बोट वळवली आणि विचारले, “शेठ, करू?”

“कर,” शेठ म्हणाले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

आखूड दोरावर दोन गोळे झकास झाले. काठावरून त्यांच्या नावाचा जयघोष चालला होता. तिसऱ्याला ते घाईने वळले, आणि हातातला भार एकाएकी नाहीसा झाला. दोराचा झोळ पाण्याला टेकला. शेठ अजून उभे होते, अगदी व्यवस्थित उभे. जन्मभर जपलेले ते एक वाक्य ओठांशी आले. बोट पुढे चाललीच होती.

त्यांनी बोटे उघडली.

दुसऱ्याच क्षणी दोर फाडकन ताणला गेला आणि रिकामी दांडी पाण्यावर उड्या मारत बोटीमागे निघून गेली. काठावरून “अरेरे!” असा सूर आला. शेठ मात्र छातीपर्यंत पाण्यात सावकाश खाली गेले आणि अंगातल्या तरंगत्या जॅकेटने त्यांना तोलून धरले. त्या उड्या मारणाऱ्या दांडीकडे ते पाहत राहिले. कशातून सुटलो, ते त्यांना आता कोणी सांगायची गरज नव्हती.

दांडी सुटून पाण्यात गेलेल्याने आपण सुखरूप असल्याची खूण म्हणून हात वर करायचा असतो. शेठनी दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, सरळ. तिकडे काठावर कुमुदताई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी आधी उजवा हात पाहिला, आणि मग त्या खाली बसल्या.

शेठ निथळत त्यांच्यापाशी आले. कुमुदताईंनी विचारले, “पडलात ना आखूड दोरावर?”

“पडलो नाही गं,” शेठ हळूच म्हणाले. “सोडला.”

कुमुदताईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला, आणि तो कप मुद्दाम त्यांच्या उजव्या हातात दिला.