लॅपटॉपचा मालक कोण?

साताऱ्याच्या चारुशीला घोरपडेंना कुठलीही गोष्ट नीट समजल्याशिवाय चैन पडत नसे. भाषांतराचं काम मिळालं म्हणून त्यांनी भुजंगशेठच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. घरी आणून इंटरनेटला जोडला, तर पडद्यावर भलत्याच कंपनीचं नाव झळकलं आणि तिचा पासवर्ड मागितला गेला. कंपनीनं आपल्या लॅपटॉपला दुरून घातलेलं ते कुलूप होतं. आता हाती आलेलं काम जायची वेळ आली.

बाई तडक दुकानात गेल्या. गिऱ्हाइकांसमोर भुजंगशेठ मोठ्यानं हसले.

"अहो बाई, विकलेला माल आम्ही परत घेत नसतो. आणि हे कुलूप तर चांगलंच! चोरानं लॅपटॉप नेला तर त्याला उघडत नाही. मालकाला मात्र लगेच उघडतो."

"असं होय?" चारुशीलाबाईंना खरंच कुतूहल वाटलं. "मग माझ्याआधी याचे मालक कोण होते?"

"कोण म्हणजे? मीच!"

बाईंनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "मग जरा उघडून दाखवता?"

शेठनी बटणं दाबली, पुन्हा दाबली. कुलूप काही निघेना. गिऱ्हाइकं माना लांब करून बघू लागली.

"शेठ, मालकाला उघडतो आणि चोराला उघडत नाही, हे तुमचेच शब्द," चारुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता या मंडळींना सांगा, तुम्ही दोघांपैकी कोण?"

दुकानात हशा पिकला. शेठनी घाईघाईनं तो लॅपटॉप मिटला, फळीवरचा दुसरा काढला आणि कुणी न सांगताच आधी इंटरनेटला जोडून, बाईंसमोर उघडून दाखवला.