शेळकुंडीच्या दप्तराला कुलूप का नाही

कडुनिंबाला टांगलेली ती गंजकी कुलपं ओढून बघू नका, साहेब. एकाचीही किल्ली गावात नाही. समोर ग्रामपंचायतीची दप्तरखोली सताड उघडी आहे, तीही आम्ही गाफील आहोत म्हणून नव्हे. दप्तराची तपासणी करायला तालुक्याहून आलाच आहात, तर बसा आणि ऐकून घ्या.

फार मागे इथे चावडी होती. गावाचं दप्तर रंगोजी दप्तरदाराच्या ताब्यात असे. कोणाचा बांध कुठवर, तळ्यावर हक्क कोणाचा, सगळे कागद त्यानं लाल फडक्यात बांधून कुलपात ठेवलेले. वाळवी लागू नये म्हणून दर चैत्रात दप्तर उन्हात घालायची जुनी रीत होती. पण उन्हात घातलं की चार लोक बघणार, आणि तेच या मेल्याला नको होतं. तळ्यात शिंगाडे लावून पोट भरणारी सगुणा दरवर्षी दारात जाऊन म्हणे, "दादा, दप्तराला ऊन दाखवा." हा खेकसायचा, "व्हय बाजूला! दप्तर काय तुझ्या कुरडया हायेत, वाळत घालाया?"

पुढे वरच्या सोनखांबवाल्यांनी तळ्यावर दावा सांगितला. पंचांपुढे लाल गाठोडं सोडलं, तर आत वाळवीची माती! कुंपणानंच शेत खाल्लं. दाखवायला कागद उरला नाही, म्हणून पंचांनी तळं सोनखांबला दिलं.

सांगतात, सगुणा त्याच दिवशी चावडीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "माझं तळं गेलं. आता पाण्याला शिवणार न्हाई, आन् हे दारबी लावू देणार न्हाई." घरच्यांनी तांब्या पुढे केला, तिनं तोंड फिरवलं. उंबऱ्यावरच गेली बिचारी. तिला उचलताच रंगोजी निलाजरा कुलूप घेऊन पुढे झाला, तर म्हणे ते लागेचना. त्यानं दाबलं, दगडानं ठोकलं, नवं आणलं. तेही तोंड वासून राहिलं. तेव्हा लोकांनी ते हिसकावून या झाडाला टांगलं आणि त्याला वेशीबाहेर घालवलं. मला विचाराल तर स्वस्तात सुटला.

आजही चैत्रात सगळं दप्तर अंगणात उन्हाला पडतं, ज्याला हवं त्यानं वाकून बघावं. आजही तळ्याचं पाणी सोनखांबच्या उसाला जातं आणि आमच्या बाया टँकरची वाट बघतात. नवा ग्रामसेवक हजर झाला, की आधी आपल्या हातानं कुलूप झाडाला अडकवतो, मग खुर्चीला टेकतो.

तुमच्या पिशवीत वाजतंय तेही कुलूपच ना, साहेब? ती खालची फांदी रिकामी आहे.